साधा, परवडणारा टॅब्लेट कसा निवडावा: कामांच्या यादीपासून पहिल्या सात दिवसांपर्यंत

इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतील ओळखीच्या घरांमधून एक तक्रार सतत ऐकू येते, ती म्हणजे टॅब्लेट हौसेने घेतला आणि आता तो कपाटात पडून आहे. कारण विचारले तर कुणी सांगते की अक्षर पुसट दिसते, कुणी म्हणते की दोन-तीन महिन्यांतच तो अडखळू लागला, तर कुणाची अडचण अशी की फोनवरचे पैसे पाठवण्याचे अॅप त्यावर चालतच नाही. या सर्व घरांत क्रम उलटा झालेला असतो. आधी सवलत पाहिली जाते, नंतर पेटीवरचे आकडे वाचले जातात, मग पैसे दिले जातात, आणि आपल्याला नेमके काय करायचे होते हा विचार वस्तू घरी आल्यावर सुरू होतो.

पुढील टप्पे साधारण दहा ते अठरा हजार रुपयांच्या अँड्रॉइड टॅब्लेटसाठी आहेत आणि ते याच क्रमाने पार पाडावेत. पहिला टप्पा कंटाळवाणा वाटला तरी तो गाळू नये, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्याचाच आधार घ्यावा लागतो.

टप्पा १: घरीच कागदावर कामांची यादी करणे

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर तीन रकाने आखावेत: टॅब्लेट कोण वापरणार, कशासाठी वापरणार आणि कुठे बसून वापरणार. तिसरा रकाना बहुतेक जण सोडून देतात, पण तो सर्वांत उपयोगी असतो. उन्हाच्या खिडकीपाशी बसून वाचणाऱ्याला उजळ स्क्रीन लागते, पलंगावर आडवे होऊन वाचणाऱ्याला कमी वजन लागते, आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून पाककृती पाहणाऱ्याला आवाज मोठा असणारा व टेकून उभा राहणारा टॅब्लेट लागतो.

माझ्या आईसाठी पहिला टॅब्लेट घेताना मी ही यादी केली नव्हती. पेटीवर ‘१०.१ इंच एचडी’ असे ठळक छापलेले होते आणि तेवढ्यावरच मी समाधान मानले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई खिडकीपाशी पोथी उघडून बसली. ‘द्ध’, ‘द्व’ आणि ‘द्य’ ही तिन्ही जोडाक्षरे तिला एकसारखी दिसत होती, म्हणून तिने चष्मा पदराने पुसला, पुन्हा पाहिले, टॅब्लेट थोडा लांब धरला, थोडा जवळ आणला, आणि शेवटी तो बाजूला ठेवून छापील पोथी घेतली. दुकानदाराने तो बदलून दिला नाही, कारण माझ्याजवळ पक्के बिल नव्हते. या लेखातील निम्म्याहून अधिक सूचना त्या एका खरेदीतून आलेल्या आहेत.

यादी झाल्यावर रोज होणाऱ्या कामांपुढे खूण करावी. कधीतरी महिन्यातून एकदा होणाऱ्या कामासाठी जादा पैसे मोजू नयेत.

तपासणी: रोजच्या कामांत पैसे पाठवणे, अवघड खेळ खेळणे किंवा चित्रफितींचे संपादन आले असेल, तर इथेच थांबून पुन्हा विचार करावा. पहिल्या कामासाठी फोनच योग्य आहे आणि उरलेल्या दोन्हींसाठी या किमतीचा टॅब्लेट पुरणार नाही.

टप्पा २: एकूण खर्च ठरवणे

टॅब्लेटची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. कव्हर, स्क्रीनवरची काच, मेमरी कार्ड आणि काही वेळा चार्जरसुद्धा वेगळा घ्यावा लागतो, म्हणून ठरवलेल्या रकमेतून दीड ते दोन हजार रुपये सुरुवातीलाच बाजूला काढावेत. हप्त्यांवर घ्यायचा असल्यास ‘नो कॉस्ट’ या शब्दांवर न थांबता प्रक्रिया शुल्क किती आहे आणि व्याजाच्या रकमेवर जीएसटी लागतो का, हे विचारून हप्त्यांची पूर्ण बेरीज कागदावर मांडावी.

टप्पा ३: पेटीवरील आकडे वाचणे

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून येथे घाई करू नये.

स्क्रीन. इंच म्हणजे केवळ कर्णाची लांबी. अक्षर किती स्वच्छ दिसेल हे त्या लांबीत किती बिंदू (पिक्सेल) बसवले आहेत यावर ठरते. १२८० × ८०० बिंदूंची स्क्रीन १०.१ इंचांवर पसरली की एका इंचात सुमारे १५० बिंदू येतात, तर १९२० × १२०० बिंदूंची स्क्रीन ११ इंचांची असली तरी इंचाला सुमारे २०५ बिंदू मिळतात. इंग्रजी अक्षरे कमी बिंदूंतही वाचता येतात, परंतु देवनागरीत शिरोरेघ, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरातील अर्धी अक्षरे एवढे सर्व एका लहानशा जागेत मावावे लागते. त्यामुळे मराठी वाचनासाठी १० इंच किंवा त्याहून मोठ्या टॅब्लेटमध्ये १९२० × १२०० पेक्षा कमी बिंदू मुळीच स्वीकारू नयेत, असे माझे ठाम मत आहे. ‘एचडी’ आणि ‘फुल एचडी’ या दोन शब्दांत नेमका हाच फरक असतो, आणि बोलण्याच्या ओघात विक्रेते तो पुसून टाकतात.

उदाहरणादाखल दोन परिचित टॅब्लेट घ्यावेत. सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए९ या टॅब्लेटची स्क्रीन ८.७ इंचांची, १३४० × ८०० बिंदूंची आहे आणि वजन सुमारे ३३२ ग्रॅम आहे. रेडमी पॅड एसईची स्क्रीन ११ इंचांची, १९२० × १२०० बिंदूंची आहे आणि वजन सुमारे ४७८ ग्रॅम आहे. कागदावर दुसरा सरस दिसतो, आणि टेबलावर ठेवून वाचणाऱ्यासाठी तो खरोखर सरस आहे. मात्र पलंगावर आडवे होऊन एका हाताने धरणाऱ्या वृद्ध माणसाला दीडशे ग्रॅमचा हा फरक दहा मिनिटांत मनगटात जाणवतो. लहान स्क्रीनवर कमी बिंदूही दाटीने बसतात, म्हणून पहिल्यावरील अक्षर १०.१ इंची ‘एचडी’ टॅब्लेटपेक्षा स्वच्छ दिसते. यांपैकी कोणता घ्यावा याचे उत्तर टप्पा १ मधील तिसऱ्या रकान्यात सापडते. ही दोन मॉडेल्स येथे केवळ मापासाठी घेतली आहेत. खरेदीच्या वेळी बाजारात जे असेल ते याच मापाने मोजावे.

रॅम, म्हणजे चालू कामांसाठीची तात्पुरती स्मृती. ४ जीबी ही किमान मर्यादा समजावी आणि ६ जीबी मिळत असल्यास थोडे अधिक देऊन ती घ्यावी. पेटीवर ‘४+४’ असे लिहिले असेल, तर पहिला आकडाच खरा धरावा. दुसरा आकडा स्टोरेजचाच एक भाग रॅमसारखा वापरण्याची सोय दाखवतो, आणि ती सोय खऱ्या रॅमइतकी जलद नसते.

स्टोरेज. ६४ जीबीच्या टॅब्लेटमधील मोठा हिस्सा अँड्रॉइड आणि कंपनीची अॅप्स आधीच व्यापून बसतात, आणि स्टोरेज काठोकाठ भरले की टॅब्लेट मंदावतो. मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ किंवा कीर्तनांची ध्वनिमुद्रणे उतरवून ठेवायची असतील तर १२८ जीबी घ्यावे. ‘मेमरी कार्ड टाकले की झाले’ हा सल्ला अर्धाच खरा आहे, कारण कार्डावर छायाचित्रे आणि व्हिडिओ राहतात, पण बहुतेक अॅप्सना मूळ स्टोरेजच लागते.

प्रोसेसर. ‘ऑक्टाकोअर’ म्हणजे गणना करणारे आठ गाभे, एवढाच त्याचा अर्थ आहे. दहा वर्षांपूर्वीचे प्रोसेसरही ऑक्टाकोअर होते. नाव आणि क्रमांक विचारावा. हेलिओ जी९९ किंवा स्नॅपड्रॅगन ६८० या पातळीचा प्रोसेसर वाचन, व्हिडिओ आणि ऑनलाइन वर्गांना पुरतो. ज्या पेटीवर प्रोसेसरचे नावच दिलेले नाही, ती पेटी परत ठेवावी.

बॅटरी. मिलिअँपिअरच्या आकड्याबरोबरच चार्जिंगचे वॉट पाहावेत. ८००० मिलिअँपिअरची बॅटरी १० वॉटने भरायला चार तासांच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. रात्री लावून ठेवणाऱ्या घराला त्याने बिघडत नाही, पण दोन वर्गांच्या मधल्या वेळेत चार्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला बिघडते.

सावधान: अनोळखी नावाचा टॅब्लेट चार-पाच हजारांत १२ जीबी रॅम आणि ५१२ जीबी स्टोरेज देत असेल, तर ते आकडे खोटे आहेत असे समजूनच चालावे. अशा टॅब्लेटच्या सेटिंग्जमध्येही खोटे आकडे दिसावेत अशी व्यवस्था केलेली असू शकते.

टप्पा ४: वाय-फाय की सिम

पुष्कळदा एकाच मॉडेलचे वाय-फाय आणि सिम असे दोन प्रकार असतात आणि सिमचा प्रकार काही हजारांनी महाग असतो. घरात ब्रॉडबँड आहे आणि टॅब्लेट घराबाहेर क्वचितच जाणार आहे, तर वाय-फायचा प्रकार पुरेसा आहे. प्रवासात फोनचे हॉटस्पॉट वापरता येते. घरात ब्रॉडबँड नाही आणि टॅब्लेट वापरणाऱ्या व्यक्तीकडे स्मार्टफोनही नाही, अशा स्थितीत सिमचा प्रकार घ्यावा. सिम असले म्हणजे फोनसारखे बोलता येईलच असे नाही, म्हणून ‘यावर कॉल आणि एसएमएस दोन्ही चालतात का’ हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा.

दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. यूपीआयची अॅप्स नोंदणीच्या वेळी त्याच उपकरणातील सिमवरून एसएमएस पाठवतात, त्यामुळे फक्त वाय-फायच्या टॅब्लेटवर ती सुरू होत नाहीत. व्हॉट्सअॅप मात्र सिमशिवायही चालते: टॅब्लेटवर ते उघडून त्यात दिसणारा क्यूआर कोड फोनच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून स्कॅन करायचा असतो.

टप्पा ५: सॉफ्टवेअरचे आयुष्य

उपकरण नवे असूनही त्यातील अँड्रॉइड जुने असू शकते. कोणती आवृत्ती आहे, कंपनीने अद्यतने किती वर्षे देण्याचे जाहीर केले आहे आणि शेवटची सुरक्षा अद्यतन केव्हाची आहे, या तीन गोष्टी विचाराव्यात. तिसरी गोष्ट सेटिंग्जमधील ‘अबाउट टॅब्लेट’मध्ये अँड्रॉइड आवृत्तीच्या खाली तारखेसह दिसते. ती तारीख वर्षभर जुनी असेल आणि नवे अद्यतनही उपलब्ध नसेल, तर त्या टॅब्लेटवर बँकेचे किंवा ईमेलचे काम करू नये, म्हणजेच तो घेऊ नये.

टप्पा ६: दुकानात हातात घेऊन तपासणे

आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉल आणि जेल रोड या दोन्ही ठिकाणी पर्याय भरपूर मिळतात, पण सणाच्या आदल्या संध्याकाळी जाऊ नये. साधा वार निवडून दुपारी लवकर जावे, म्हणजे दुकानदाराला वेळ असतो आणि आपल्यालाही संकोच वाटत नाही. ऑनलाइन मागवायचा असला तरी एकदा दुकानात जाऊन तेच मॉडेल हातात घ्यावे. ज्याच्यासाठी टॅब्लेट घ्यायचा आहे त्या व्यक्तीला, तिच्या रोजच्या चष्म्यासह, बरोबर न्यावे. घरच्यांनी आपापसात ठरवून आजी-आजोबांच्या हाती थेट पेटी द्यावी ही रीत प्रेमाची आहे, पण या वस्तूच्या बाबतीत ती वारंवार फसते.

दाखवण्यासाठी ठेवलेल्या टॅब्लेटवर पुढील तपासण्या याच क्रमाने कराव्यात. वीस मिनिटे पुरतात.

१. आपल्या फोनचे हॉटस्पॉट सुरू करून टॅब्लेट त्याला जोडावा आणि एखादे मराठी वर्तमानपत्र किंवा पोथीची पीडीएफ उघडावी. अक्षर मोठे न करता ‘द्ध’, ‘ह्य’, ‘र्‍य’ आणि ‘क्ष्म’ ही जोडाक्षरे शोधून ती ओळखू येतात का, हे ज्याचे त्याने वाचून पाहावे.

२. टॅब्लेट दुकानाच्या दाराशी, उजेडात न्यावा आणि प्रकाश पूर्ण वाढवून तेच पान पुन्हा वाचावे.

३. पाच मिनिटे तो हातात धरून उभे राहावे. मधूनच टेबलावर ठेवू नये, नाहीतर वजनाचा अंदाज येत नाही.

४. पुढचा कॅमेरा कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. तो आखूड बाजूला असेल, तर टॅब्लेट आडवा ठेवून बोलताना आपण सतत दुसरीकडे पाहत आहोत असे समोरच्याला दिसते. पुण्याच्या किंवा बडोद्याच्या नातवंडांशी रोज बोलायचे असेल, तर कॅमेरा लांब बाजूला असलेला टॅब्लेट निवडावा.

५. एखादे गाणे पूर्ण आवाजात लावून, टॅब्लेट आडवा धरल्यावर तळहाताने स्पीकर झाकला जातो का ते पाहावे.

६. कीबोर्डमध्ये मराठी निवडून माइकचे चिन्ह दाबावे आणि दोन वाक्ये बोलून पाहावीत. टंकनाची सवय नसलेल्यांना ही सोय फार उपयोगी पडते, आणि तिच्यामुळे मायक्रोफोनही तपासला जातो.

७. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून उपकरण प्ले प्रोटेक्टने (गूगलच्या सुरक्षा-व्यवस्थेने) प्रमाणित असल्याचा उल्लेख आहे का ते पाहावे. नसल्यास पुढे जाऊ नये.

८. चित्रपट आणि मालिका पाहायच्या असतील तर ‘डीआरएम इन्फो’ हे अॅप उतरवून वाइडवाइनची, म्हणजे चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या संरक्षण-व्यवस्थेची, पातळी पाहावी. ‘एल१’ असावी. ‘एल३’ असल्यास स्क्रीन कितीही चांगली असली तरी नेटफ्लिक्ससारख्या सेवा कमी स्पष्टतेचेच चित्र देतात.

तपासणी: पहिल्या तीन कसोट्यांपैकी एका जरी कसोटीवर टॅब्लेट उतरला नाही, तर पुढच्या करण्यात वेळ घालवू नये. दुसरे मॉडेल मागावे.

टप्पा ७: पेटी, बिल आणि नोंदणी

पेटी आपल्यासमोरच उघडायला सांगावी. पेटीवर कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा किंवा आयातीचा महिना व वर्ष आणि भारतीय मानक ब्युरोची नोंदणीखूण असावी. त्या खुणेजवळ ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणत्या उत्पादकाच्या आणि उत्पादनाच्या नावे आहे ते कळते. सिमचा प्रकार असल्यास १५ अंकी आयएमईआय क्रमांक (उपकरणाचा ओळख क्रमांक) दूरसंचार विभागाच्या ‘संचारसाथी’ सुविधेतून तपासावा. त्यासाठी ‘केवायएम’ ही तीन अक्षरे इंग्रजी लिपीत लिहून, जागा सोडून, तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करायचा असतो.

बिलाच्या बाबतीत संकोच बाळगू नये. ‘कच्चे बिल घेतले तर थोडे कमी लावतो’ असे सांगितले जाते आणि आपण पाचशे-हजार वाचले म्हणून खूश होतो, पण त्या कागदावर ना वॉरंटी मिळते ना तक्रार करता येते. पक्क्या बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, मॉडेलचे पूर्ण नाव, रॅम व स्टोरेज, अनुक्रमांक आणि तारीख असावी. पेटीवरचा, बिलावरचा आणि सेटिंग्जमधला असे तिन्ही अनुक्रमांक काउंटरवरच जुळवून पाहावेत. कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र इंदुरात आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पैसे देण्यापूर्वीच पाहून ठेवावे. खाजगीरीत्या परदेशातून आणलेला टॅब्लेट कितीही स्वस्त असला तरी त्याला भारतात वॉरंटी मिळते का, याची लेखी खात्री असल्याशिवाय घेऊ नये.

वापरलेला टॅब्लेट घ्यायचा झाल्यास एक अट कधीही सोडू नये: आधीच्या मालकाने आपल्यासमोर स्वतःचे गूगल खाते काढून टाकावे, मग टॅब्लेट मूळ स्थितीत आणावा, आणि आपल्या खात्याने तो तिथेच सुरू करावा. खाते न काढता पुसलेला टॅब्लेट जुन्या मालकाचा पासवर्ड मागत कुलूपबंद राहतो.

टप्पा ८: पहिले सात दिवस

दोष आढळल्यास बदलून देण्याची मुदत पुष्कळदा सातच दिवसांची असते, आणि काही ठिकाणी त्याहूनही कमी. टॅब्लेट पूजेसाठी किंवा वाढदिवसासाठी तसाच बंद ठेवणे ही चूक अनेक घरांत होते आणि दोष दिसेपर्यंत मुदत उलटून गेलेली असते. ऑनलाइन मागवला असेल, तर पार्सल फोडण्यापासून टॅब्लेट सुरू होईपर्यंतचे चित्रीकरण न थांबवता करून ठेवावे.

पहिल्या दिवशी सर्व अद्यतने उतरवावीत आणि नको असलेली अॅप्स काढून टाकावीत. दुसऱ्या दिवशी पूर्ण चार्ज करून यादीतील खरी कामे करावीत आणि बॅटरी किती तास चालते ते लिहून ठेवावे. तिसऱ्या दिवशी घराच्या प्रत्येक खोलीत वाय-फाय पकडतो का ते पाहावे. स्वस्त टॅब्लेटपैकी काही केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि अशा वेळी राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क त्यांना दिसतच नाही. तो टॅब्लेटचा बिघाड नसतो, राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ सुरू करावे म्हणजे काम होते. चौथ्या दिवशी पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे चित्र उघडून स्क्रीनवर मृत (न उजळणारे) बिंदू किंवा कडेने प्रकाशाचे डाग आहेत का ते अंधाऱ्या खोलीत पाहावे, आणि बोटाने एखादे चिन्ह संपूर्ण स्क्रीनभर ओढून ते कुठे तुटते का ते तपासावे.

उरलेल्या दिवसांत टॅब्लेट वापरणाऱ्याच्या हाती सोपवावा. वडीलधाऱ्यांसाठी अक्षरांचा आकार वाढवून पहिल्या पानावर त्यांच्या कामाची चार-पाचच अॅप्स ठेवावीत, आणि लहान मुलांसाठी गूगलच्या ‘फॅमिली लिंक’ अॅपमधून वेळेची मर्यादा पहिल्याच दिवशी घालावी, कारण महिन्याभराने घातलेली मर्यादा मुले शिक्षा समजतात. चार्ज करताना टॅब्लेट गादीवर किंवा उशीखाली ठेवू नये. मे महिन्यात माळव्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हाच्या खिडकीत किंवा बंद गाडीत ठेवून तो मुळीच चार्ज करू नये.

दोष सापडला तर फोनवर वाद घालत बसू नये. त्याच दिवशी दोषाचे छायाचित्र, पक्के बिल आणि पेटी घेऊन दुकानात जावे आणि दिलेल्या तक्रारीची लेखी पोच घ्यावी. दुकान आणि कंपनी दोघेही दाद देत नसतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक बिलाच्या मागे लिहून ठेवावा.